किनाऱ्यालगतचे भोवरे कोणत्या पद्धतीने टिपावेत?

पद्धत निवडण्याआधी हाताशी कसली मोजमापं आहेत ते बघा. समुद्रपातळीच्या नकाशावर बंद समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) शोधून भोवरा ओळखणं खुल्या समुद्रात छान चालतं. किनाऱ्याजवळ मात्र नेहमीच्या उपग्रहांच्या मार्गांमधली अंतरं मोठी पडतात, जमीन जवळ आली की संदेशही बिघडतो. पाच-दहा किलोमीटरचा भोवरा त्यात सापडतच नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह सुमारे 120 किलोमीटर रुंदीचा पट्टा बारकाईने मोजतो, पण त्याच मार्गावर तो 21 दिवसांनी परततो. तोवर लहान भोवरा केव्हाच विरलेला असतो. म्हणून इथे तासातासाचे वेगाचे नकाशे हवेत, किनारी रडारचे किंवा संगणकीय प्रारूपाचे.

ते असतील तर खरी निवड दोन पद्धतींत आहे.

ओकुबो-वाइस पद्धत नकाशाच्या ग्रिडमधल्या प्रत्येक चौकटीत पाणी किती ताणलं जातंय आणि किती फिरतंय हे ताडून बघते. फिरणं वरचढ ठरलं की आकडा ऋण येतो. आकडा कितीच्या खाली गेला की भोवरा मानायचा तो उंबरठा बहुतेक वेळा या आकड्यांच्या प्रमाण विचलनाच्या (ते किती विखुरलेत त्याच्या मापाच्या) −0.2 पट धरतात. दहा-बारा ओळींत काम होतं, पण दोन गोष्टी मला खटकतात. शेजारच्या चौकटींच्या वजाबाकीत रडारमधला गोंगाट फुगतो. शिवाय प्रमाण विचलन अख्ख्या नकाशावरून काढलं, तर एका कोपऱ्यात प्रवाह खवळला की उंबरठा सरकतो आणि दूरवरचा, जराही न बदललेला भोवरा यादीतून गळतो.

नेन्चोली आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेली पद्धत वेगाच्या नकाशावरच्या बाणांची भूमिती बघते; बाणाची दिशा म्हणजे पाण्याची दिशा, लांबी म्हणजे वेग. समजा केंद्रापासून पूर्वेला निघालात आणि बाण उत्तरेकडे वळलेले दिसले, तर पश्चिमेला ते दक्षिणेकडे हवेत, आणि दोन्हीकडे दूर जाताना लांब होत गेलेले हवेत. उत्तर-दक्षिण रेषेवरही तसंच, फिरण्याची दिशा तीच. केंद्रात वेग आजूबाजूपेक्षा कमी हवा आणि भोवतीचे बाण क्रमाने एकाच दिशेने वळत गेले पाहिजेत. डोळ्यांनी नकाशा वाचणारा माणूसही हेच करतो, म्हणून माझा कौल हिला. कुठल्या अंतरापर्यंत तपासायचं हे दोन आकड्यांनी ठरतं. ते आपल्या ग्रिडवर जुळवावेच लागतात. त्यासाठी काही दिवसांचे नकाशे आधी हाताने खुणावून ठेवा.

एक अडचण मात्र आहे. भरती-ओहोटीचा सरळ प्रवाह वर चढला की केंद्र सरकतं, कधी पुसलंच जातं. आधी तो वजा करा. दोन रडार केंद्रांना जोडणाऱ्या रेषेजवळचे बाणही वगळा. तिथे दोन्ही रडार जवळजवळ एकाच रेषेतला वेग मोजतात, त्यामुळे आडव्या दिशेचा अंदाज कच्चा राहतो आणि तिथले बाण कुठलीही पद्धत वापरली तरी फसवतात.

यंत्रशिक्षणाचं म्हणाल, तर एडीनेटसारखी जाळी (न्यूरल नेटवर्क) समुद्रपातळीच्या नकाशांवर, बंद रेषांच्या जुन्या पद्धतीने आखलेल्या भोवऱ्यांवरून शिकवलेली आहे. त्या पद्धतीच्या चुकाही त्यात येणारच. स्वतः खुणावलेले शेकडो नकाशे जमले, तरच त्या वाटेला जा.