तारा शोधक २१०२-डी : लाल चकतीचे छिद्र आणि दिवाळीपासूनचा अनुभव

तारा शोधक म्हणजे कोणत्या वेळी कोणता तारा आकाशात कुठे असेल, हे दाखवणारा नाविकांचा चकत्यांचा संच. गेल्या आठवड्यात माझ्या संचातल्या लाल चकतीच्या मध्यावरचे छिद्र फाटले. सुटी चकती मिळत नाही, पूर्ण संच पुन्हा घ्यावा लागेल, असे विक्रेत्याने कळवले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. हा संच दिवाळीत भाच्याच्या डेक कॅडेटच्या (जहाजावरील शिकाऊ अधिकाऱ्याच्या) अभ्यासासाठी मागवला होता. भाचा जहाजावर रुजू झाल्यापासून बेळगावात तो माझ्याच वापरात आहे.

संचातल्या पांढऱ्या पाटीवर ५७ तारे छापलेले असतात, पण ग्रह जागा बदलत असल्यामुळे ते छापता येत नाहीत. शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी आपल्यालाच पेन्सिलीने मांडावे लागतात. नॉटिकल अल्मनाक या नाविकांच्या वार्षिक पंचांगातला ग्रहाचा एसएचए (वसंतसंपातापासून पश्चिमेकडे मोजलेला कोन) ३६० अंशांतून वजा करायचा, लाल चकतीचा बाण त्या आकड्यावर आणायचा आणि खाचेतून, जितकी क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) असेल तितक्या अंशावर टिंब द्यायचे. चकती मधल्या खुंटीवर घट्ट बसली तरच हे टिंब योग्य जागी पडते, आणि माझ्या चकतीचे छिद्र पहिल्या दिवसापासून सैल होते. मिलिमीटरभर हेलकाव्याने टिंब अंश-दीड अंश सरकते. एवढी किंमत घेऊन एक छिद्र नीट पाडता येऊ नये, याचा राग मला तेव्हाही आला होता आणि आजही आहे.

ग्रह पुन्हा पुन्हा मांडावे लागणे हाही मला सुरुवातीला मोठा दोष वाटत होता, परंतु ते मत मी बदलले आहे. शनी वर्षाला सुमारे १२ अंश सरकतो, त्यामुळे त्याचे टिंब महिनाभर चालते. गुरूचे पंधरवड्याने आणि मंगळाचे आठवड्याने बदलले तरी पुरते. शुक्र मात्र वेगात असताना दिवसाला अंशाहून अधिक चालतो, त्याचे टिंब दोन-तीन दिवसांत शिळे होते. पाटीवर ठेवायच्या निळ्या चकतीवरच्या उन्नतांशाच्या (क्षितिजापासूनच्या उंचीच्या) आणि दिगंशाच्या (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेच्या) रेषा पाच-पाच अंशांवर असल्याने याहून जास्त काटेकोरपणाचा उपयोगही नाही. घरच्या पंचांगावरून टिंबे देण्याचा मोह कोणी करू नये, कारण त्यातले ग्रहांचे भोग (राशिचक्रातले अंश) निरयन, म्हणजे वसंतसंपाताऐवजी स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले असतात. या दोन मोजण्यांतला सुमारे २४ अंशांचा फरक, म्हणजे अयनांश, त्यात असतो आणि ते क्रांतिवृत्तावर (सूर्याच्या भासमान मार्गावर) मोजलेले असतात, पाटीला मात्र विषुववृत्तावरची मापे लागतात.

खरे समाधान वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मिळाले. वेंगुर्ला आणि बेळगाव जवळजवळ एकाच अक्षांशावर, १५ अंश ५० कलांच्या आसपास असल्यामुळे १५ अंश अक्षांशासाठीची एकच निळी चकती दोन्हीकडे चालते. सूर्य मावळायला बराच अवकाश असताना चकतीवरून शुक्राचे उन्नतांश आणि दिगंश वाचले, सेक्स्टंट (क्षितिजापासूनचा कोन मोजण्याचे उपकरण) तेवढ्या कोनावर लावून ठेवला, होकायंत्राने दिशा धरली आणि त्याच्या दुर्बिणीतून क्षितिजाच्या कडेने सावकाश नजर फिरवली, तेव्हा निळ्या आकाशात शुक्राचा पांढरा ठिपका दिसला. नुसत्या डोळ्यांनी तिथे काहीही दिसत नव्हते. समुद्रावर याचे मोल फार आहे, कारण सूर्य आणि शुक्र यांच्या दोन स्थितिरेषा (जहाज ज्यांवर कुठेतरी असते अशा नकाशावरच्या रेषा) एकमेकींना छेदल्या, की भर दिवसा, क्षितिज स्वच्छ दिसत असताना, जहाजाचे स्थान निश्चित होते. त्यानंतर हा संच परत करण्याचा विचार मी कायमचा सोडला.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर ढगांच्या फटीतून एखादाच तेजस्वी ठिपका दिसतो, तेव्हा तो गुरू की व्याधाचा तारा, हेही त्याच टिंबांवरून ठरते. अल्मनाकमधली संधिप्रकाशाची वेळ स्थानिक असते. बेळगावकरांनी तीत ३२ मिनिटे मिळवली की भारतीय प्रमाणवेळ येते.

फाटलेल्या छिद्रावर खडे बाजारातून आणलेल्या लॅमिनेशनच्या कागदाचा गोल तुकडा चिकटवून मी नवे छिद्र तापलेल्या सुईने पाडले. ते मूळच्या छिद्रापेक्षा घट्ट बसते आणि खर्च नगण्य आला. माझी तक्रार त्यामुळे कमी होत नाही. संचात नऊ निळ्या चकत्या येतात. कन्याकुमारीपासून कच्छपर्यंतच्या किनाऱ्याला त्यांपैकी ५, १५ आणि २५ अंशांच्या तीनच लागतात, तरी पैसे नवांचे मोजावे लागतात, आणि सर्वांत जास्त झिजणारी लाल चकती तेवढी सुटी मिळत नाही. घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी लाल चकती खुंटीवर बसवून हलवून पाहावी; हलली तर दुसरा संच मागावा.