यूएसएफडीएमान्य प्रमाणपत्र आणि खोटा अनुभव

बी. फार्म. झाल्यावर व्हॅलिडेशनच्या, म्हणजे औषध कारखान्यातील यंत्रे आणि प्रक्रिया दरवेळी अपेक्षेप्रमाणेच काम करतात हे चाचण्या आणि नोंदींनी सिद्ध करण्याच्या, क्षेत्रात काम करायचे ठरवून मी पुण्यातील एका खासगी संस्थेच्या तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. फी ७५,००० रुपये होती आणि त्यासाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले. माहितीपत्रकावर ‘यूएसएफडीएमान्य प्रमाणपत्र’ आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे ठळकपणे छापलेले होते. औषध कारखान्यांची तपासणी करणारी ही अमेरिकी यंत्रणा कोणालाही व्हॅलिडेशन इंजिनिअर म्हणून प्रमाणपत्र देत नाही, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती.

वर्गात आयक्यू, ओक्यू, पीक्यू (यंत्राची बसवणी, चालणे आणि प्रत्यक्ष कामगिरी तपासण्याचे तीन टप्पे) यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या आणि कुठल्यातरी कारखान्यातले भरलेले प्रोटोकॉल (चाचणीची पद्धत आणि निकाल नोंदवण्याचे कागद) आम्हाला उतरवून काढायला लावले. तीन महिन्यांत एकाही ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, हात लागला नाही. प्रोसेस व्हॅलिडेशनवरील २०११ची मार्गदर्शक पुस्तिका, जी यूएसएफडीएच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत मिळते, तिच्या झेरॉक्स प्रती ‘गोपनीय नोट्स’ म्हणून आम्हाला २,००० रुपयांना विकण्यात आल्या.

खरी फसवणूक शेवटच्या आठवड्यात झाली. फ्रेशरला या क्षेत्रात कोणी घेत नाही असे सांगून त्यांनी आणखी २५,००० रुपये रोख घेतले आणि एका कंपनीच्या नावाचे दोन वर्षांचे अनुभवपत्र माझ्या हाती दिले. ते खोटे आहे हे मला कळत होते आणि तरीही मी ते घेतले, हे मी इथे लपवणार नाही, कारण घरच्या कर्जाच्या दडपणाखाली असलेल्या मुलांनाच हे लोक नेमके हेरतात.

वाळूजच्या एका कारखान्यातील मुलाखतीत मला विचारले गेले, “ऑटोक्लेव्हच्या टेम्परेचर मॅपिंगमध्ये तुम्हाला सर्वांत थंड जागा कुठे सापडली?” ज्याने यंत्रात ठिकठिकाणी तापमान मोजणारे प्रोब स्वतः लावले आहेत त्याला याचे उत्तर आठवावे लागत नाही, मी मात्र गप्प राहिलो. दुसऱ्या एका ठिकाणी ऑफर मिळाली, परंतु बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये माझ्या नावे भविष्य निर्वाह निधीची एकही नोंद आढळली नाही आणि ऑफर मागे घेण्यात आली. नोंद खरी असणे हाच ज्या कामाचा पाया आहे, त्या कामाच्या दारात मी खोटी नोंद घेऊन उभा होतो.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला दोन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या यंत्रावर प्रत्यक्ष काम करायला मिळेल आणि आधीच्या तुकडीतले विद्यार्थी सध्या कुठे आहेत. त्या विद्यार्थ्यांना स्वतः फोन करावा, संस्थेने लावून दिलेल्या फोनवर विसंबू नये. पैसे बँकेतूनच द्यावेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. मी ७५,००० रुपयांच्या पावत्या जोडून तक्रार दाखल केली आहे, पण रोख दिलेल्या रकमेचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नाही.

खोटे पत्र मी फाडून टाकले. सध्या एका लहान कारखान्याच्या गुणवत्ता विभागात फ्रेशर म्हणून रुजू झालो असून, गोदामाच्या मॅपिंगसाठी तापमान नोंदवत राहणारे डेटा लॉगर कुठे आणि किती उंचीवर लावायचे हे वरिष्ठांच्या हाताखाली शिकत आहे.