सुपर मारिओ अ‍ॅडव्हान्स ४: कोणतं कार्ट्रिज घ्यावं?

आधी एक गोष्ट ठरवा: मूळ आठ वर्ल्ड (गेमचे टप्पे) पुरेत, की 'वर्ल्ड-ई', म्हणजे कार्डांवरून भरायच्या जास्तीच्या लेव्हल्सचा विभागसुद्धा हवा? १९८८ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' २००३ मध्ये या नव्या नावाने निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला. आठ वर्ल्ड जपानी, अमेरिकी, युरोपी अशा कुठल्याही कार्ट्रिजमध्ये खेळायला मिळतात. खरा फरक जास्तीच्या लेव्हल्सचा आहे.

त्या लेव्हल्स छापील कार्डांवर विकल्या गेल्या. कार्डाच्या कडेला बारीक ठिपक्यांची पट्टी असते आणि लांब पट्टीतसुद्धा जेमतेम २.२ किलोबाइट माहिती मावते. एवढ्याशा जागेत चित्रं आणि संगीत कुठून बसणार? कार्डावर असतो तो आराखडा: वीट कुठे, पाइप कुठे, शत्रू कुठे. 'सुपर मारिओ वर्ल्ड'मधली उडायची केप, जमिनीतून उपटून फेकायच्या भाज्या, हा सगळा ऐवज कार्ट्रिजमध्ये आधीपासून भरलेला आहे. आठही वर्ल्ड पालथे घातलेत तरी केप कुठे सापडत नाही; ती कार्डाची वाट बघत आत पडून असते. या आवृत्तीतलं मला सगळ्यात जास्त अप्रूप याचंच आहे, आणि म्हणूनच वर्ल्ड-ई सोडून हा गेम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

युरोपी कार्ट्रिज इथेच मागे पडतं. कार्ड वाचणारा ई-रीडर युरोपात विक्रीला आलाच नाही. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन अशा पाच भाषा मिळतात, ही त्याची जमेची बाजू. फक्त आठ वर्ल्ड खेळायचे असतील तर खुशाल घ्या.

जपानी आवृत्तीसाठी काही लेव्हल्स अशा निघाल्या की त्यांची कार्डं अमेरिकेत कधी आलीच नाहीत. पण मजकूर जपानी, आणि जपानी कार्डं अमेरिकी रीडरवर चालत नाहीत. शिवाय जपानच्या पहिल्या रीडरला लिंक केबलची, म्हणजे वाचलेली लेव्हल दुसऱ्या यंत्रातल्या गेमकडे नेणाऱ्या तारेची, जागाच नव्हती, त्यामुळे नंतरचा 'प्लस' रीडरच शोधावा लागतो. जपानी वाचता येत असेल किंवा संग्रह करायचा असेल, तरच या वाटेला जा.

राहिलं अमेरिकी कार्ट्रिज. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला प्रदेशाचं बंधन नाही, त्यामुळे ते कुठल्याही देशात घेतलेल्या यंत्रावर चालतं. मात्र कार्ड वाचायला दोन गेम बॉय अ‍ॅडव्हान्स लागतात: एकात ई-रीडर, दुसऱ्यात गेम, मध्ये लिंक केबल. कार्ड खाचेतून एका दमात, सारख्या वेगाने ओढायचं. हात अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा लेव्हल उतरली की ती कार्ट्रिजमध्येच राहते, आणि अशा ३२ लेव्हल्स साठवता येतात. म्हणून जुनं कार्ट्रिज घेताना विकणाऱ्याकडून वर्ल्ड-ईच्या पडद्याचा फोटो मागवा. आधीच्या मालकाने लेव्हल्स भरून ठेवल्या असतील, तर रीडर, केबल, कार्डं यांतलं काहीच शोधावं लागत नाही. निंटेंडो डीएसवर खेळणाऱ्यांना तर हाच एक मार्ग आहे, कारण कार्ट्रिज त्यात बसतं, पण लिंक केबल लावायला जागा नाही.

आणि कार्ट्रिजचा हट्ट नसेल तर? निंटेंडोच्या स्विच यंत्रासाठीच्या 'स्विच ऑनलाइन' या सदस्यत्वाच्या एक्स्पान्शन पॅकमध्ये फेब्रुवारी २०२३ पासून हा गेम आहे, आणि त्यात ३८ च्या ३८ लेव्हल्स कार्डाशिवाय खुल्या आहेत, एके काळी फक्त जपानी कार्डांवर असलेल्यासुद्धा. निंटेंडोच्याच जुन्या वी यू यंत्रावरही त्या सगळ्या मिळत होत्या, पण ते ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. आधी विकत घेतला असेल तरच उपयोग. खेळण्यासाठी घेणाऱ्याला मी बेधडक स्विच सांगेन. सदस्यत्व संपलं की गेमही गेला, हे मात्र धरून चाला. तो कायमचा आपल्या हातात हवा असेल, तर लेव्हल्स भरलेलं अमेरिकी कार्ट्रिज मिळेपर्यंत थांबा.