व्हिएर्न यांच्या 24 ऑर्गन-रचना: संग्रह कसा आहे?

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे ऑर्गनवादक लुई व्हिएर्न यांचा 1914 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेला हा संग्रह ऑर्गन किंवा हार्मोनियम यांपैकी कशावरही वाजवता येतो, कारण पायांनी वाजवायची पट्टी ऐच्छिक ठेवून सारे स्वरलेखन दोनच ओळींत (दोन हातांसाठी एकेक) केले आहे. पायपेटीवर नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या मराठी वादकाने तर तो अवश्य चाळावा. प्रत्येक मेजर आणि मायनर स्वरश्रेणीत (की) एक रचना अशी मांडणी असल्याने चोविसांपैकी काही रचना केवळ स्वरश्रेणींची संख्या भरून काढण्यासाठी लिहिल्यासारख्या वाटतात. मात्र परिचित फ्रेंच अंगाईवर बेतलेली ‘बेर्सज’ अप्रतिम आहे: साधी चाल जागची हलत नाही, पण तिच्याखालची स्वरसंगती हळूहळू झाकोळत जाते. फ्रान्समधील लाँपाँ येथील गढीच्या प्रार्थनागृहातल्या घंटानादावरील ‘कारियाँ’साठी मात्र मोठा ऑर्गनच हवा, पेटीवर तिचा दणदणाट निम्माही उतरत नाही.