स्मार्ट कुलपाचा सिग्नल टिकत नाही: राउटर हलवावा, ब्रिज बसवावा की कुलूपच बदलावे?

दारावरचे स्मार्ट कुलूप मोबाइलवर वारंवार ‘ऑफलाइन’ दिसू लागले की राग आधी राउटरवर निघतो आणि मग कुलपावर. दोष मात्र बऱ्याचदा या दोहोंच्या मधल्या शेवटच्या काही मीटरांत असतो. तो नेमका कुठे आहे हे न पाहता नवे कुलूप आणले, तर तेही त्याच दारावर बसते आणि काही दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते. म्हणून पर्यायांची तुलना करण्याआधी कुलपाची स्थिती समजून घेणे आवश्यक आहे.

कुलपाचे आतल्या बाजूचे झाकण काढून पाहिले, तर सामान्यतः चार सेल, एक लहानशी मोटर आणि सर्किट बोर्डाच्या कडेला तांब्याची एक नागमोडी रेघ दिसते. ती रेघ म्हणजेच बहुतेक कुलपांचा अँटेना. तिच्या एका बाजूला धातूचे सेल, दुसऱ्या बाजूला कुलपाचा धातूचा बाहेरचा भाग आणि भोवती कदाचित पत्र्याचे दार व लोखंडी चौकट असते. शिवाय मुख्य दार घराच्या एका टोकाला, तर राउटर इंटरनेटची तार जिथून आत येते तिथे, म्हणजे बरेचदा दुसऱ्या टोकाला. इतक्या अडचणीच्या जागी बसवलेले आणि वर सेलवर चालणारे वायरलेस उपकरण घरात सहसा दुसरे नसते.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात उणे आकड्यांत मोजली जाते आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. वायफायसाठी उणे ५० ते उणे ६५ ही सुखाची स्थिती, उणे ७०च्या आसपास कुरकुर सुरू होते आणि उणे ८०ला भरवसा ठेवता येत नाही. या मोजपट्टीत १० अंकांचा फरक म्हणजे दहापट शक्तीचा फरक, त्यामुळे ‘थोडेच कमी आहे’ असे म्हणून तो सोडून देऊ नये. अनेक कुलपांच्या अॅपमध्ये किंवा राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत हा आकडा दिसतो. तो एकदा दार उघडे ठेवून आणि एकदा बंद करून पाहावा. दार बंद करताच आकडा बराच घसरला, तर अडथळा दार-चौकटीचा आहे. दोन्ही वेळा तो सारखाच वाईट असेल, तर प्रश्न अंतराचा किंवा मधल्या भिंतींचा आहे. पुढचा सारा निर्णय या दोन आकड्यांवर बेतता येतो. झिगबी आणि थ्रेड या कमी ऊर्जेच्या वायरलेस प्रणालींचे रिसीव्हर वायफायपेक्षा बरेच क्षीण सिग्नल वाचू शकतात, म्हणून वायफायची ही मोजपट्टी त्यांना जशीच्या तशी लावू नये.

थेट वायफायवर चालणारे कुलूप घेण्याचे मुख्य आकर्षण म्हणजे मध्ये दुसरे कोणतेही उपकरण लागत नाही. त्याची किंमत मात्र सेलमधून मोजावी लागते. राउटरशी जोडलेले राहण्यासाठी कुलपाला ठरावीक अंतराने जागे होऊन राउटरचा संदेश ऐकावा लागतो. सिग्नल क्षीण असला की तेच बोलणे संथ गतीने आणि पुन्हा पुन्हा करावे लागते, रेडिओ जास्त वेळ चालू राहतो आणि सेल लवकर संपतात. म्हणजे इथे खराब सिग्नलची शिक्षा दोनदा होते: एकदा प्रतिसादात आणि एकदा सेलच्या आयुष्यात. राउटरजवळ दार असलेल्या लहान घरात हा पर्याय उत्तम चालतो. दार दोन-तीन भिंतींपलीकडे असेल, तर मी तो सुचवणार नाही.

असे कुलूप आधीच बसवलेले असेल, तर पैसे खर्च करण्याआधी काही गोष्टी करून पाहाव्यात. ही कुलपे बहुतांशी फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्टा वापरतात, त्यामुळे राउटरवर तो पट्टा चालू असावा, त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा निवडावा, कारण २० मेगाहर्ट्झ रुंदीचे हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. सुरक्षेची पातळी केवळ डब्ल्यूपीए ३ (वायफायचे नवे सुरक्षा मानक) अशी ठेवली असेल, तर काही कुलपे जोडलीच जात नाहीत. त्यांना डब्ल्यूपीए २ चालणारा मिश्र पर्याय द्यावा लागतो. राउटर लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा पाण्याच्या मोठ्या साठ्याजवळ नसावा. या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एखाद्या जागी परस्परांना मारून टाकतात. त्यामुळे राउटर वीतभर सरकवल्यानेही कधी कधी लक्षणीय फरक पडतो. हा उपाय फुकटचा आहे म्हणून त्याला हलके समजू नये.

एवढ्याने भागले नाही, तर वायफायची पोहोच वाढवण्याचे तीन मार्ग उरतात. एक्स्टेंडरला नावे ठेवली जातात ती वेगासाठी: एकाच रेडिओवर ऐकून तेच पुढे पाठवताना त्याचा वेग साधारण निम्मा होतो. परंतु कुलपाला वेग लागतोच कुठे? ‘उघड’ आणि ‘उघडले’ एवढाच त्याचा संवाद, त्यामुळे कुलपापुरता विचार केला तर एक्स्टेंडर त्याच्या लौकिकापेक्षा उपयोगी आहे. चूक होते ती जागेत. लोक तो थेट दाराशी लावतात, जिथे त्यालाच राउटरचा सिग्नल नीट मिळत नसतो. तो राउटर आणि दार यांच्या मधोमध हवा. मेश संच (घरभर ठेवलेल्या अनेक छोट्या राउटरांचे, म्हणजे नोडांचे, एकच जाळे) अधिक सुबक चालतो, मात्र सेलवरचे उपकरण एकदा दूरच्या नोडला चिकटले की सहजासहजी सोडत नाही, तेव्हा कुलूप ठरावीक नोडशी बांधून ठेवण्याची सोय त्या संचात आहे का, हे आधी पाहावे. दारापर्यंत तार नेणे शक्य असेल, तर तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण) या दोहोंपेक्षा सरस.

ब्लूटूथ कुलूप आणि त्याच्या जोडीला ब्रिज (कुलपाला घरच्या वायफायशी जोडणारे छोटे उपकरण) ही रचना मला बहुतेक घरांसाठी सर्वांत समजूतदार वाटते. कुलूप कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर केवळ काही मीटर बोलते आणि वायफायचे ओझे भिंतीतल्या विजेवर चालणारा ब्रिज उचलतो. हे ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या ४० चॅनलांत विभागलेले असते आणि जोडणी झाल्यावर त्यांपैकी चांगल्या चॅनलांवर उड्या मारत राहते, त्यामुळे वायफायच्या गर्दीतही ते तग धरते. शिवाय दारासमोर उभे असताना मोबाइल थेट कुलपाशी बोलतो, इंटरनेट असो वा नसो.

ब्रिज कुलपाच्या आतल्या बाजूकडून दिसेल अशा सॉकेटमध्ये, दोन-चार मीटरांत असावा. माझ्याकडे तो सुरुवातीला चपलांच्या पत्र्याच्या कपाटामागे होता, कारण सॉकेट तिथेच होते. एक्स्टेंशनची तार घेऊन तो कपाटाच्या वर आणला आणि तक्रार संपली. दुसरा धोका याहून क्षुल्लक आणि म्हणूनच जास्त त्रासाचा आहे. सॉकेटला बटण असेल, तर कोणीतरी झाडू मारताना किंवा मोबाइल चार्ज करताना ते बंद करते आणि कुलूप नेमके आपण बाहेर असताना ‘ऑफलाइन’ होते. त्या बटणावर चिकटपट्टी लावणे हा कुठल्याही महागड्या उपकरणाइतकाच खरा उपाय आहे.

झिगबी आणि थ्रेड या दोन्ही प्रणाली आयईईई ८०२.१५.४ या एकाच रेडिओ मानकावर उभ्या आहेत आणि दोन्हींत उपकरणे एकमेकांचे संदेश पुढे पोहोचवतात. मात्र पुढे पोहोचवण्याचे काम करतात ती विजेवर कायम चालू असलेली उपकरणे. कुलूप सेलवरचे, ते फक्त आपले बोलते. त्यामुळे घरात अशी उपकरणे नसतील, तर केवळ एक कुलूप घेऊन मेशचा काही लाभ होत नाही, दाराजवळ किमान एक स्मार्ट प्लग लागतोच. स्मार्ट दिव्यावर विसंबू नये, कारण भिंतीवरचे बटण दाबले की तो दुवा तुटतो. झिगबीचे १६ चॅनल वायफायच्याच पट्ट्यात येतात. राउटर ११ किंवा त्याखालच्या चॅनलवर असेल, तर झिगबीचा २५ क्रमांकाचा चॅनल त्याच्या पलीकडे मोकळा सापडतो. संगणकाला लावायची झिगबी स्टिक वापरत असाल, तर ती यूएसबी ३च्या पोर्टला चिकटून ठेवू नये. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पसरतो हे इंटेलने २०१२मध्येच दाखवून दिले होते. मीटरभर एक्स्टेंशन केबल पुरते.

थ्रेडची जमेची बाजू अशी की घरात एकाहून अधिक बॉर्डर राउटर (थ्रेडचे जाळे घरच्या नेटवर्कशी जोडणारी उपकरणे) असू शकतात आणि एक बंद पडला तरी दुसरा काम चालवतो. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या मॅटर या, वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणाऱ्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीतच कुलपांचा समावेश होता, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने मॅटर आणि थ्रेड चालणारे कुलूप पाहणे योग्य ठरेल. फक्त वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर एकाच जाळ्यात येतात की स्वतंत्र जाळी करून बसतात, हे खरेदीआधी तपासावे.

झेड-वेव्ह ही आणखी एक वायरलेस प्रणाली १ गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरी वापरते, म्हणून ती भिंतींतून चांगली जाते आणि वायफायशी तिची टक्कर होत नाही. जाड भिंतींच्या मोठ्या घरात हा गुण मोलाचा आहे. मात्र वारंवारता प्रदेशानुसार बदलते (युरोपात ८६८, अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास), त्यामुळे परदेशातून आणलेले कुलूप इथल्या हबशी (प्रणाली चालवणाऱ्या मध्यवर्ती उपकरणाशी) बोलणार नाही. ही कुलपे साधारण दर सेकंदाला क्षणभर जागी होऊन हाक येते का ते ऐकतात, आणि मधला रिपीटर ही हाक देणारा, म्हणजे बीमिंग चालणारा असावा लागतो. झेड-वेव्हच्या जुन्या एस० सुरक्षा पद्धतीपेक्षा नव्या एस२ने जोडावे, कारण एस०मध्ये एका आज्ञेसाठी जवळपास तिप्पट देवाणघेवाण होते. घरात झेड-वेव्हचा हब आधीच असेल, तर हा पर्याय डोळे मिटून घ्यावा. केवळ एका कुलपासाठी हब आणणे मला पटत नाही.

सिग्नलच्या नावाने येणाऱ्या बऱ्याच तक्रारी खरे तर सेलच्या असतात. मोटर फिरताना सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) क्षणभर खाली येतो आणि सेल अर्धे संपलेले असतील, तर नेमक्या त्याच क्षणी रेडिओ बंद पडून पुन्हा सुरू होतो. दीड व्होल्टच्या अल्कलाइन सेलांऐवजी १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल घातले, तर उरलेल्या चार्जचा अॅपमधला अंदाजही चुकतो. बिजागरी सैल होऊन दार खाली उतरले असेल, तर कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेला घासते आणि मोटरला प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो. अशा घरात राउटर बदलणाऱ्यापेक्षा सुतार जास्त उपयोगी पडतो.

त्यामुळे दार बंद केल्यावरही वायफायचा आकडा उणे ६५च्या आत असेल, तर आहे ते कुलूप ठेवून चॅनल आणि राउटरची जागा सुधारावी. आकडा त्याहून वाईट असेल आणि कुलपाला ब्रिज मिळत असेल, तर ब्रिज घ्यावा. मिळत नसेल, तर एक्स्टेंडर. ब्रिज दोन मीटरांवर ठेवूनही बंद दारामागे कुलूप हरवत असेल, तरच ते बदलावे, आणि नवे घेताना आतल्या भागाचे आवरण धातूऐवजी प्लास्टिकचे आहे ना, हे पाहावे. कोणताही बदल केल्यावर तो एकदाच तपासून थांबू नये. दार बंद ठेवून, आजूबाजूची सगळी वायफाय जाळी भरात असतात त्या संध्याकाळच्या वेळी, घराबाहेरून मोबाइल डेटावर दहा वेळा कुलूप लावून आणि उघडून पाहावे. या चाचणीच्या वेळी घरात कोणीतरी असावे आणि पहिल्या दिवशी तरी साधी चावी खिशात ठेवावी.