कॅनडाचं पीआर की अमेरिकेचं ग्रीन कार्ड? आई-बाबा इकडे असतील तर आधी हे बघा

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, कंपनी एच-वन (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) करतेय तर अमेरिकेला जाऊ की सरळ कॅनडाचं पीआर (कायम राहायची परवानगी) टाकू. सगळं गणित कुठलं लवकर मिळेल इथेच संपतं. मिळाल्यावर ते टिकवायचं कसं हे कोणी विचारत नाही, आणि आई-बाबा नाशकात एकटे असतील तर खरी मेख तिथेच आहे.

आधी मिळवण्याचं. अमेरिकेत नोकरीवरची ग्रीन कार्डं (तिथलं पीआरच) वर्षाला साधारण 1,40,000 आणि एका देशाला साधारण 7 टक्के, त्यामुळे ईबी-टू, ईबी-थ्री या नोकरीवरच्या गटांमधली भारतीयांची रांग दहा-बारा वर्षं मागे चाललीय. देश ठरवताना नागरिकत्व नाही, जन्म कुठे झाला ते बघतात. बायकोचा जन्म दुबईचा असेल तर तिच्या देशाच्या रांगेत घुसता येतं, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं! बाकीच्यांनी आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनी टाकते तो अर्ज) मंजूर करून घ्यायचं, एच-वन वाढवत राहायचं आणि मुलं 21ची व्हायच्या आत (नंतर ती आपल्या अर्जात धरत नाहीत) नंबर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे.

कॅनडात रांग नाही, मार्कशीट आहे. एक्स्प्रेस एंट्री या पीआरच्या पॉइंट पद्धतीत एकट्याने अर्ज केला तर 20 ते 29 वयाला 110 पॉइंट, चाळीशीला 50, 45ला भोपळा. जॉब ऑफरचे पॉइंटही मार्च 2025 मध्ये काढून टाकले, म्हणजे आता आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा) घासून करा नाहीतर फ्रेंच शिका, फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ (पॉइंट बघून अर्जाला बोलावणं) खूप कमी स्कोअरला लागतात. पस्तिशी ओलांडली असेल तर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणू नका.

आता टिकवणं. कॅनडा म्हणतं पाच वर्षांत 730 दिवस इथे राहा, सलग नको, तुकड्या-तुकड्यांनी चालतात. माझी मावसबहीण मिसिसागात असते, तिने फ्रीजवर कालनिर्णय लावलंय आणि कॅनडातल्या प्रत्येक दिवशी पेन्सिलने टिक करते, मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने इकडे राहून गेली तरी काही अडलं नाही. फक्त पीआर कार्डाची तारीख बघा, संपली म्हणून पीआर जात नाही पण विमानात बसू देत नाहीत, मग वेगळं ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढत बसा.

अमेरिकेत असा आकडाच नाही, तुमचं घर खरंच तिथे आहे का हे बघतात. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की एअरपोर्टवर प्रश्न सुरू, वर्षाच्या वर गेलात तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही, रीएंट्री परमिट (परत येण्याची आधी काढलेली परवानगी) लागतं. ते साधारण दोन वर्षं चालतं, पण अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा, नाशकातून नाही. आणि परमिट असलं तरी वर्षाच्या वरच्या मुक्कामाने नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या मुक्कामाचा हिशोब बिघडतोच.

म्हणून माझं मत, आई-बाबांसाठी वर्ष-दीड वर्ष इकडे राहावं लागेल असं वाटत असेल आणि वय तिशीच्या आसपास असेल तर कॅनडा. पगार अमेरिकेतच जास्त, त्यात वाद नाही. ज्यांचं आय-140 आधीच मंजूर आहे त्यांनी रांग सोडू नये, कॅनडाचं एक्स्प्रेस एंट्रीचं प्रोफाइल बाजूला टाकून ठेवायला काय जातंय? फक्त आयईएल्टीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेवढी तारीख लिहून ठेवा.