३९,८९० रुपयांचा डबा

३९,८९० रुपये. एवढ्याला मी फसलो, आकडा आधीच लिहून टाकतो. घरात मी १२,००० सांगितले होते आणि हे वाचून खरा आकडा कळणारच आहे. कळू दे.

गावाचं नाव लिहीत नाही. खान्देशातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. २२ वर्षं झाली, विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी भरतोय. तार, बेअरिंग, शाफ्ट, स्विच यातलं मला कळतं, आणि मला गंडवलं ते नेमकं यातच. लॉटरी लागली, वीजबिल थकलं, पार्सलमध्ये काहीतरी सापडलं असल्या फोनवर फसलो असतो तर इतकी लाज वाटली नसती. तसले फोन आले की मी समोरच्याला शिव्या घालून ठेवतो.

मला व्हिडिओ गेमचं मशीन करायचं होतं. हसा. एसटी स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये रुपयाचं नाणं टाकून मुस्तफा खेळलेला माणूस असाल तर हसणार नाही. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉमनं तो १९९३ साली काढला, हे मला चाळिशीनंतर कळलं. आमच्यासाठी तो मुस्तफाच. पोरगा नववीत, दिवसभर मान मोडून मोबाइलमध्ये. म्हटलं, दिवाळीला भाचेमंडळी येतात, सगळे उभ्यानं, एकमेकांना ढुशा देत खेळतील असं काहीतरी घरात असावं. यात माझं काय चुकलं?

आता अडचण अशी की सगळ्या गेमांना एक पाटी, म्हणजे बटणं आणि दांडी बसवलेली फळी, चालत नाही. मुस्तफाला दोन बटणं पुरतात, १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू ला एकेका खेळाडूला सहा लागतात. १९८० चा पॅकमॅन चारच दिशांच्या दांडीवर नीट चालतो. आठ दिशांची दांडी लावली की वळणावर ती तिरपी बसते आणि भूत खाऊन टाकतं. १९८६ च्या अर्कनॉइडला, म्हणजे विटा फोडायच्या गेमला, फिरवायचं बटण हवं. काही गेमांना चेंडू हवा, हाताच्या तळव्यानं फिरवायचा. जुने गेम संगणकावर चालवणारं मेम नावाचं सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे, तेव्हा आतल्या मेंदूचा प्रश्न नव्हता. प्रश्न पाटीचा होता. त्यावर तोडगा म्हणजे फिरती पाटी: तीन बाजूंचं लाकडी पिंप, प्रत्येक बाजूवर वेगळी बटणं, फिरवलं की हवी ती बाजू वर.

मी कागदावर सगळं काढलं होतं. तो कागद अजून आहे. बाजू १२ इंचांची धरली तर पिंपाचा कोपरा मध्यापासून सात इंचांवर येतो, म्हणजे ते फिरायला १४ इंचांची मोकळी जागा हवी. पण सपाट बाजूचा मध्य आसापासून जेमतेम साडेतीन इंचांवर. तीन इंची चेंडूचं घर आत जवळजवळ तेवढंच उतरतं. म्हणून आरपार दांडा टाकायचाच नाही. दोन्ही टोकांना आखूड पोकळ पाइप, ते ६२०४ बेअरिंगमध्ये, २० मिलिमीटर भोक. तिन्ही बाजूंचे एन्कोडर बोर्ड (बटण दाबलं हे संगणकाला कळवणारे) आणि त्यांच्या वायरी एकत्र करणारा यूएसबी हब पिंपातच ठेवायचे आणि बाहेर एकच वायर, पोकळ पाइपातून. पिंप गोलगोल फिरू द्यायचं नाही, दोनतृतीयांश वळणावर ठोकळा मारायचा, नाहीतर वायर पिळून तुटते. आणि प्रत्येक बाजूला स्प्रिंगची खुंटी. ती नसेल तर पोरं बटणावर रेलली की पाटी उलटते.

एवढं येत होतं तर स्वतः का नाही केलंस, असं माझ्या शालकानं विचारलं. आता सगळेच विचारतात. पाऊस उघडला की दुकानात मोटारींची रांग लागते. रात्रीची लाइट, व्होल्टेज कमी, रोज दोन-चार मोटारी जळून येतात. केळीवाला दारात उभा असतो, बाग वाळतेय म्हणून. त्याला काय सांगू, थांब, मी गेम बनवतोय?

तर हा माणूस. फेसबुकवर जाहिरात, ‘घरगुती आर्केड मशीन, फिरत्या पॅनेलसह, ऑर्डरप्रमाणे’. खान्देशातलाच म्हणाला. फोनवर पहिलं वाक्य आमच्या अहिराणीत, “जिभाऊ, तुम्हनं काम म्हंजे मन्हा घरनं काम शे.” झालं, तिथंच मी अर्धा विरघळलो. पुण्या-मुंबईचा कोणी गोड बोलला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. आपल्या बोलीत बोलणाऱ्याला आपण बिल मागत नाही. मी तरी मागितलं नाही.

माझा कागद त्याला पाठवला. “वा जिभाऊ, तुम्ही तर इंजिनिअर,” म्हणाला. मी दोन दिवस हवेत. त्यानं २२ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला: काळं चकचकीत मशीन, एक हात येतो, पिंप फिरवतो, खट्‌ आवाज होऊन ते बसतं. म्हणजे आवाज मी मनातल्या मनात ऐकला, कारण व्हिडिओवर अहिराणी गाणं चिकटवलेलं होतं. मूळ आवाज नव्हताच.

आता ते लिहितो, ज्यासाठी रात्री झोप लागत नाही.

तो व्हिडिओ मी निदान ३० वेळा पाहिला. थांबवून, मोठा करून, बटणं मोजली, खुंटी कुठं आहे ते शोधलं. नवव्या-दहाव्या सेकंदाला मशीनच्या उजवीकडे मागं भिंत दिसते. भिंतीवर सॉकेट. दोन उभ्या चिरा आणि खाली एक भोक, आ वासलेल्या तोंडासारखं. अमेरिकेतलं सॉकेट! आपल्याकडे तीन गोल भोकं असतात, लहान असो की मोठं. माझं आख्खं आयुष्य पाच आणि पंधरा अँपियरच्या सॉकेटात गेलं. झोपेत हात फिरवून सांगेन कुठलं आहे. आणि मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं नाही, पाहिलं! मनात आलंही, हे सॉकेट असं कसं? आणि मीच, त्यानं नाही, मीच उत्तर दिलं: बाहेरून मशीन आणलं असेल, ट्रान्सफॉर्मर लावून चालवत असेल, त्यासाठी वेगळं सॉकेट बसवलं असेल. चोराचं खोटं त्याच्यासाठी मी रचलं. कुठल्यातरी अमेरिकन माणसानं आपल्या गॅरेजमध्ये हौसेनं केलेलं मशीन, त्यावर आपलं गाणं चढवलं, आणि मी १५,००० रुपये पाठवले.

तेव्हा एक करा. कोणी असं काही दाखवलं की मशीन सोडा, मागची भिंत बघा. सॉकेट, पंखा, कॅलेंडर, खिडकीचे गज. आणि चालू व्हिडिओ कॉलवर सांगा, आत्ता डावीकडून तिसरं बटण दाब. जो खरा आहे तो दाबेल.

भाव ठरला ४६,५००. ६ सप्टेंबरला १५,००० बयाणा. २१ सप्टेंबरला १२,५००, ‘बेअरिंग आणि प्लाय’ म्हणून. यूपीआयवर नाव आलं ते वेगळंच, बाईचं. म्हणाला, मेव्हणीचं खातं, माझं लिमिट संपलं. ४ ऑक्टोबरला ९,८००, दांड्या आणि चेंडू बाहेरून येतात त्याची ड्युटी. १६ ऑक्टोबरला १,८५० गाडीभाडं. झाले ३९,१५०. उरलेले ७,३५० ‘माल बघून द्या, जिभाऊ, घाई नाही.’ या एका वाक्यावर माझा विश्वास दुप्पट झाला. अरे, ज्यानं ३९ हजार खिशात घातले त्याला सात हजारांची घाई कशाला असेल!

मध्ये त्यानं प्रगतीचे फोटो पाठवले होते. एका फोटोत पिंपातून आरपार लोखंडी दांडा गेलेला. मी लिहिलं, दांडा नको, चेंडू बसणार नाही. त्यानं अंगठा पाठवला. मी शांत झालो.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पार्सल ऑफिसातून फोन, डबा आलाय, ‘टू पे’ आहे, ७४० रुपये आणा. म्हणजे १,८५० भाडं मी त्याला दिलेलं, त्यानं ते भरलंच नव्हतं. इथं तरी थांबायला हवं होतं. पण ऑफिसात दिवाळीची गर्दी, मागं लोक ओरडतायत, हमाल म्हणतो सही करा पटकन. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, छापलेलं होतं, ‘माल बरोबर मिळाला’. मी सही केली, तारीख घातली, मोबाइल नंबर लिहिला. डबा फोडायच्या आधी.

घरी पोरांच्या गराड्यात फोडला. आत पातळ कटपीस प्लायचं तीन बाजूंचं खोकं, काळा रंग अजून हाताला लागत होता. मधून आरपार जीआय पाइप, बेअरिंग नाही, नुसता भोकात घातलेला. एक स्वस्तातला एन्कोडर बोर्ड, पिशवीत ११ बटणं, एक दांडी. चेंडू नाही, खुंटी नाही, स्क्रीन नाही. भाचा म्हणाला, “मामा, हे कोंबडीचं खुराडं आहे का?” माय आतून विचारतेय, “काय आलं रे?” मी म्हटलं कूलरचा सांगाडा. दिवाळीत, कूलरचा.

त्याचा फोन तेव्हापासून बंद.

आता खरी गंमत ऐका. हे काहीच पाठवत नाहीत तेव्हा बरं असतं, निदान गुन्हा तरी दिसतो. यानं हजार-पंधराशेचा भंगार डबा का पाठवला, ते मला ठाण्यात गेल्यावर कळलं.

ठाण्यात पहिला प्रश्न, “कसलं मशीन?” मी सांगितलं, व्हिडिओ गेमचं. अंमलदार सरळ बसले. “म्हणजे जुगाराचं? परवाना आहे का?” फिर्याद द्यायला गेलेला मी, आणि दीड तास मीच खुलासे देतोय की साहेब, यात पैसे लागत नाहीत, घरात पोरं खेळतात. मग बिल्टी बघितली. “माल बरोबर मिळाला. सही तुमचीच ना? मग फसवणूक कुठली? माल पसंत पडला नाही, असं म्हणा. हा सिव्हिल मॅटर आहे.” मी म्हटलं, कलम ३१८ आहे ना, फसवणुकीचं? जुनं चारशेवीस गेलं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३१८ झालं, हे मी रात्री वाचून गेलो होतो. ते म्हणाले, “वकील आहात का?”

दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला म्हणाले ऑनलाइन पैसे गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले माल आलाय, ठाण्यात जा. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकला, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले बँकेचा शिक्क्याचा उतारा आणा, मग पत्राचं बघू. उताऱ्याला बँकेत दोन दिवस, कारण शिक्का ज्यांच्याकडे ते रजेवर. एका रबरी शिक्क्यासाठी रजा संपायची वाट बघितली मी! पाच खेपा झाल्या. त्या दिवसांत दुकान अर्धा दिवस बंद, दोन गिऱ्हाइकं मोटारी उचलून दुसरीकडे गेली. हा हिशोब ३९,८९० मध्ये धरलेला नाही.

ग्राहक आयोगाचंही बघितलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो, हे खरं. पण समोरच्याचा पत्ता लागतो. त्यानं दिलेल्या पत्त्यावर मोटारसायकलवर ६० किलोमीटर गेलो, तर तिथं लाकडाची वखार. मालकानं माझ्या मोबाइलवरचा खोक्याचा फोटो बघितला आणि म्हणाले, “प्लाय आमचाच. कटपीस उधारीवर नेले त्यानं, २,३०० रुपये बाकी आहेत. तुम्ही त्याचे कोण?” क्षणभर वाटलं हे माझ्याकडूनच वसूल करतात. मग चहा पाजला त्यांनी. दोघं बुडालेले, त्याला शिव्या देत बसलो.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या. तेवढ्यात केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडकवता येते. मी केला डबा फोडल्यावर, शेवटच्या हप्त्यानंतर तीन दिवसांनी आणि पहिल्या हप्त्यानंतर दीड महिन्यानं. तोवर काय राहणार खात्यात. आणि ‘दिवाळी होऊ दे, सणात कटकट नको’ असं घरचे म्हणतील तर ऐकू नका. मी १९३० नंतर ठाण्यात जायला भाऊबीज होऊ दिली, चार-पाच दिवस घालवले.

पार्सल घेताना मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून तिथंच फोडा. मागचे ओरडू देत. फोडू देत नसतील तर बिल्टीवर स्वतःच्या हातानं लिहा, ‘न उघडता घेतलं, आतला माल पाहिला नाही’, आणि मग सही. पैसे पाठवताना येणारं नाव मोठ्यानं वाचा. माणसाचं नाव वेगळं आणि खात्याचं वेगळं, तर तिथंच फोन खिशात घाला. आणि बोलीवर जाऊ नका. बोली मलाही येते, त्यालाही येते.

काल ठाण्यातून फोन आला. अर्ज ‘चौकशीवर’ घेतलाय, एवढं तरी झालं. बुधवारी बोलावलंय. झेरॉक्सचे दोन सेट, उतारा, आधार, आणि तो डबा. मी विचारलं, फोटो चालेल का? म्हणाले, “फोटो काय करायचा? मुद्देमाल जमा करावा लागेल.” डबा मोटारसायकलवर मावत नाही. टेम्पोवाल्याला विचारलं, जाऊन-येऊन ६०० म्हणतो.